वक्त्याचं नाव वर घ्यायचं होतं : एका प्लगइनच्या टेम्प्लेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरसाठी आम्ही चौघं मिळून एक प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा जास्तीचा प्रोग्राम, बनवतो. संस्थेने आपले कार्यक्रम त्यात नोंदवायचे आणि ते वेबसाइटवर कार्डांच्या रूपात दिसायचे, एवढंच त्याचं काम. वापरणाऱ्यांत सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, व्याख्यानमाला आहेत, नाट्यसंस्था आहेत, परदेशातली काही मराठी मंडळंही आहेत. बहुतेक ठिकाणी वेबसाइट बघणारा माणूस म्हणजे संस्थेचा कार्यवाह किंवा ग्रंथपाल. वेबसाइट कुणा ओळखीच्या मुलाने बनवून दिलेली असते आणि तो मुलगा पुढे नोकरी लागून दुसऱ्या शहरात गेलेला असतो. या लेखात संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

कार्डात काय कुठे दिसावं, हे ठरवणाऱ्या, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या फायली म्हणजे आमची टेम्प्लेटं. तारखेचा चौकोन, शीर्षक, वक्ता, स्थळ, प्रवेशाची ओळ. कुणाला यात बदल हवा असेल तर वर्डप्रेसच्या जगात रुळलेली पद्धत होती: प्लगइनमधली फाइल उचलायची, आपल्या चाइल्ड थीममध्ये (वेबसाइटचं रूप ठरवणाऱ्या मूळ थीमला आपण जोडलेल्या बदलांच्या संचात) ठरलेल्या नावाच्या फोल्डरात ठेवायची आणि तिथे हवा तो बदल करायचा. पान तयार होताना प्लगइन आधी थीममध्ये फाइल शोधतं, तिथे नसेल तरच स्वतःची वापरतं. ऑनलाइन दुकानासाठीचं वूकॉमर्स हे प्लगइनही असंच चालतं. आम्हीही तेच केलं आणि बरीच वर्षं त्यात काही वावगं वाटलं नाही.

या पद्धतीतली गोम अशी की नक्कल केलेली फाइल त्या दिवसापुरती गोठते. मूळ प्लगइन पुढे जातं आणि थीममधली प्रत जिथल्या तिथे राहते. दोघांमधलं अंतर दर आवृत्तीगणिक वाढत जातं, पण वापरणाऱ्याला ते कुठेच दिसत नाही. वूकॉमर्सने यावर एक चांगला उपाय केला आहे. प्रत्येक टेम्प्लेटच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक असतो आणि थीममधली प्रत जुनी झाली असेल तर सिस्टीम स्टेटसच्या पानावर तिची नोंद दिसते. आमच्याकडे तेवढीही सोय नव्हती.

अडचण

वर्डप्रेस 6.1 च्या काळातली ही गोष्ट. मराठी भाषा गौरव दिनाच्या आदल्या दिवशी, 26 फेब्रुवारीला, एका तालुक्याच्या ग्रंथालयातून फोन आला. फोनवर कार्यवाह होते, सत्तरीतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे व्याख्यान होतं, पत्रिकेवर वेबसाइटचा पत्ता छापलेला होता आणि कार्यक्रमांच्या पानावर तांत्रिक अडचण आल्याची एक ओळ सोडून काहीच दिसत नव्हतं.

कारण अर्ध्या तासात सापडलं. आदल्या रात्री आमचं नवं अपडेट त्यांच्या वेबसाइटवर आपोआप चढलं होतं. प्लगइन आपोआप अपडेट व्हावीत ही सोय 2020 च्या ऑगस्टमध्ये, वर्डप्रेस 5.5 मध्ये, सरसकट सगळ्यांच्या हाती आली आणि वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने ती चालू करून ठेवली होती. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आमची होती. त्या अपडेटमध्ये आम्ही तारीख छापणाऱ्या एका फंक्शनचं, म्हणजे नावाने बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्याचं, नाव बदललं आणि जुनं नाव काढून टाकलं. आमच्या सगळ्या फायलींमध्ये नवं नाव घातलं. त्यांच्या थीममधल्या प्रतीत मात्र जुनंच नाव होतं. ती ओळ आली आणि पीएचपी तिथेच थांबलं.

अशा वेळी वर्डप्रेस प्रशासकाला ईमेल पाठवतं. 5.2 आवृत्तीपासून ती सोय आहे आणि त्या ईमेलमधल्या दुव्यावरून आत जाऊन दुरुस्ती करता येते. ईमेल गेलंही होतं, पण दुसऱ्या शहरात गेलेल्या मुलाच्या जुन्या पत्त्यावर.

आमच्या सहकारी बाईंनी त्यांना होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये नेऊन, एकेक क्लिक सांगत, त्या फाइलचं नाव बदलायला लावलं. प्लगइनला थीममध्ये फाइल सापडेना, म्हणून ते आपल्या मूळ फाइलवर आलं आणि पान उघडलं. दोघांनाही हायसं वाटलं. मग कार्यवाह म्हणाले, “ताई, पान आलं, पण वक्त्याचं नाव परत खाली गेलं हो. आमच्याकडे लोक वक्त्याला ऐकायला येतात, विषय नंतर बघतात. त्या मुलाने ते वर घेऊन दिलं होतं. मला एवढंच हवं होतं.”

त्या फाइलमध्ये शंभरावर ओळी होत्या. मूळ फाइलशी ताडून पाहिली तर फरक फक्त 2 ओळींच्या जागांचा होता. तेवढ्यासाठी बाकीचा सगळा कोड त्या संस्थेच्या गळ्यात पडला होता, आणि तो सांभाळणारं तिथे कुणी नव्हतं.

समोर असलेले पर्याय

फंक्शनचं जुनं नाव आम्ही त्याच रात्री परत घातलं. खरा प्रश्न पुढचा होता.

आमच्यातल्या एकाचं मत होतं की फायलींची पद्धत तशीच ठेवावी, फक्त वूकॉमर्ससारखी आवृत्तीची सूचना द्यावी. काम आठवड्याभराचं होतं. पण ती सूचना वाचणार कोण? ग्रंथपालाला “तुमचं टेम्प्लेट जुनं झालं आहे” असं सांगून हाती काय लागणार? जुनं झालं म्हणजे काय करायचं, हे ज्याला कळतं तो माणूस तिथे नाही, हीच तर मुळातली अडचण होती. सूचना देणं गरजेचं होतं, पण पुरेसं नव्हतं.

दुसरा विचार कस्टमायझरचा, म्हणजे वर्डप्रेसमधल्या वेबसाइटचं रूप बदलण्याच्या पडद्याचा, झाला. डावीकडे सेटिंग, उजवीकडे पान, बदल लगेच दिसतो. 2012 पासून, म्हणजे वर्डप्रेस 3.4 पासून, लोकांना त्याची सवय आहे. रंग आणि अक्षरांचा आकार यांसाठी तो उत्तम आहे. पण ओळींचा क्रम बदलायला तिथे आयती सोय नाही, आणि 2022 च्या जानेवारीत आलेल्या 5.9 पासून ब्लॉक थीम (ब्लॉक नावाच्या सुट्या तुकड्यांनी रचलेली नव्या पद्धतीची थीम) असेल तर मेनूत कस्टमायझर दिसतही नाही, कुठल्या प्लगइनने मागितला तरच दिसतो. ज्या घराची दारं एकेक करून बंद होत आहेत, त्यात नवं सामान नेऊन ठेवणं आम्हाला पटेना.

तिसरा विचार म्हणजे स्वतःचाच ओढा-आणि-ठेवा बिल्डर लिहायचा. याचा मोह मला सगळ्यात जास्त झाला होता, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. मी चार दिवसांत एक नमुना केलाही आणि तो दिसायला सुरेख होता. पण त्यात कीबोर्डवरून काहीच करता येत नव्हतं, केलेला बदल मागे घेता येत नव्हता आणि फोनवर ओढताना अख्खं पानच सरकायचं. या तिन्ही गोष्टी वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे पान सुट्या ब्लॉकांनी रचण्याच्या पडद्यावर, आयत्या होत्या. 2018 च्या डिसेंबरपासून जगभरच्या लोकांनी मिळून ज्यावर कष्ट घेतले, ते चार जणांनी पुन्हा पहिल्यापासून करायचं, यात शहाणपण नव्हतं. नमुना बाजूला ठेवला.

उरला ब्लॉक एडिटर. कार्डातला प्रत्येक भाग एकेक ब्लॉक करायचा आणि कार्डाची मांडणी एडिटरमध्येच करू द्यायची. अडचण अशी की ब्लॉक टेम्प्लेटं मुळात ब्लॉक थीमसाठी आहेत आणि आमच्या बहुतेक संस्था जुन्या पद्धतीच्या थीमवर होत्या.

काय केलं

कोडला हात लावण्यापूर्वी आम्ही एक गोष्ट केली आणि या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मी तोच मानतो. ज्या संस्थांनी टेम्प्लेट नक्कल करून बदललं होतं, त्यांच्याकडून त्या फायली मागवल्या. पंचवीसेक आल्या. प्रत्येक फाइल तिच्या वेळच्या मूळ फाइलशी डिफ, म्हणजे ओळी-ओळींतला फरक, काढून ताडून पाहिली.

आम्हाला वाटलं होतं की लोकांनी कार्डं पार बदलून टाकली असतील. निघालं भलतंच. तेच ते बदल फिरून फिरून दिसत होते. वक्ता वर, शीर्षक खाली. “प्रवेश शुल्क : 0” च्या जागी “प्रवेश विनामूल्य, सर्वांना आमंत्रण”. स्थळाच्या आधी “स्थळ :” असा शब्द. आणि तारखेचे आकडे देवनागरीत. वर्डप्रेसच्या मराठी भाषांतरात महिन्याचं नाव मराठीत येतं, आकडे मात्र इंग्रजीच राहतात. कित्येकांनी अख्खी फाइल नक्कल केली होती ती केवळ 27 चं २७ व्हावं म्हणून.

त्यात एक काळजीची गोष्टही दिसली. काही फायलींत बदल करताना मजकूर सुरक्षित करून छापणारी फंक्शनं गळून गेली होती. म्हणजे कार्यक्रमाच्या शीर्षकात कुणी स्क्रिप्ट घातली असती तर ती पानावर चालली असती. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. ओळ हलवताना कंस चुकला, एरर आली, म्हणून कंसाबरोबर फंक्शनही काढून टाकलं, असा तो प्रकार होता.

या यादीवरून मांडणीचा गाभा ठरला. कार्डाचा आराखडा ही वर्डप्रेसमधली एक वेगळी नोंद करायची, जशी पोस्ट किंवा पान असतं तशी. तो आराखडा ब्लॉक एडिटरमध्ये उघडतो, पण तिथे फक्त आमचे ब्लॉक आणि रांगा-गटांचे दोन-तीन ब्लॉक मिळतात. वेबसाइटवर कार्ड दाखवताना प्लगइन तो आराखडा वाचतं, प्रत्येक कार्यक्रमाचा क्रमांक ब्लॉकांना संदर्भ म्हणून देतं आणि कार्ड तयार करतं. थीम जुनी असो वा ब्लॉकची, फरक पडत नाही, कारण आराखडा थीममध्ये नसून डेटाबेसमध्ये असतो.

आमचा एकही ब्लॉक आपलं एचटीएमएल (ब्राउझर वाचतो तो पानाचा कोड) आराखड्यात साठवत नाही. “इथे वक्ता, ठळक, आधी ‘वक्ते :’ नको” एवढीच नोंद राहते आणि एचटीएमएल दर वेळी प्लगइन स्वतः बनवतं. एचटीएमएल साठवलं असतं तर पुढच्या आवृत्तीत आम्ही एखादा टॅग बदलताच एडिटरने “या ब्लॉकमध्ये अनपेक्षित मजकूर आहे” म्हणत जुने आराखडे अडवले असते. म्हणजे गोठलेल्या फाइलच्या जागी गोठलेला ब्लॉक आला असता. मजकूर सुरक्षित करून छापण्याचं कामही यामुळे आमच्याकडेच राहिलं.

कशाला हात लावू द्यायचा आणि कशाला नाही, यावर आमचे वाद झाले. पहिल्या चाचणीत सगळं मोकळं ठेवलं होतं. एका नाट्यसंस्थेच्या बाईंनी तारखेचा चौकोन चुकून काढून टाकला आणि दोन दिवस त्यांच्या प्रयोगांना तारीखच नव्हती. वर्डप्रेस 6.0 मध्ये ब्लॉकला कुलूप लावण्याची सोय आली आहे, ती वापरून आम्ही शीर्षक आणि तारीख हलवता येतील पण काढता येणार नाहीत, असं केलं.

मराठी अक्षरांनी आणखी दोन गोष्टी शिकवल्या. उजव्या पट्टीत अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचं सेटिंग होतं. रोमन लिपीत ते शोभतं. देवनागरीत एक पिक्सेल वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि “व्याख्यान” हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ब्लॉकच्या वर्णनाच्या फाइलमधून ती सोयच आम्ही काढून टाकली. दुसरं, शीर्षक दोन ओळींतच मावावं म्हणून ओळींची उंची अगदी कमी ठेवली होती आणि बाहेरचा भाग छाटला जात होता. “कीर्तनाचा पूर्वार्ध” असं शीर्षक आलं आणि पहिल्या ओळीवरचे रफार आणि वेलांट्या वरून कापल्या गेल्या, जणू कागद कडेला कातरला आहे. तो आकडा 1.2 वरून 1.5 केला आणि कार्ड थोडं उंच झालं तर होऊ दे म्हटलं.

हे दोष आम्हाला इतक्या उशिरा दिसले, त्याला प्रिव्ह्यू कारण होता. एडिटरमध्ये आम्ही नमुन्याचा मजकूर दाखवत होतो: “कार्यक्रमाचं नाव”, “वक्त्याचं नाव”, तारीख 1 मे. सगळं आटोपशीर, सगळं चौकोनात मावणारं. खऱ्या वेबसाइटवर 27 फेब्रुवारी आली की महिन्याचं नाव चौकोनाबाहेर जायचं. म्हणून नमुना काढून टाकला. आराखडा उघडला की संस्थेचाच एक कार्यक्रम दिसतो, आणि तो आम्ही मुद्दाम सगळ्यात लांब शीर्षकाचा निवडतो. जुन्या थीममध्ये एडिटरमधली अक्षरं आणि पानावरची अक्षरं जुळत नाहीत, म्हणून “खऱ्या पानावर बघा” असं बटण दिलं. ते अजून प्रकाशित न केलेला आराखडा खऱ्या पानावर दाखवतं, तोही फक्त प्रशासकाला.

देवनागरी आकडे हे एक साधं टिकचिन्ह झालं. सगळ्या कामात सर्वात कमी वेळ त्यालाच लागला आणि सर्वात जास्त आभाराचे निरोप त्याच्यासाठीच आले.

निर्णय चुकला तो इथे

जुन्या फायलींचं काय करायचं, हा प्रश्न होताच. आपोआप रूपांतर करण्याचा प्रयत्न आम्ही सोडून दिला. पीएचपीत माणूस काहीही लिहू शकतो, त्याचा हेतू प्रोग्रामला ओळखता येत नाही. थीममध्ये फाइल असेल तर तिचाच शब्द शेवटचा, असं ठरवलं. कुणाचं चालू असलेलं पान आमच्यामुळे बदलायला नको, हा विचार बरोबर होता आणि आजही मी त्यावर ठाम आहे.

पण हे आम्ही वापरणाऱ्याला सांगितलं नाही. परिणामी ज्यांच्या थीममध्ये जुनी फाइल होती त्यांनी नव्या एडिटरमध्ये मन लावून कार्ड सजवलं, जतन केलं, आणि पानावर ढिम्म काही बदललं नाही. ज्या ग्रंथालयापासून हे सगळं सुरू झालं, तिथेही हेच घडलं. फाइलचं नाव बदलून ठेवलेलं होतं ते मधल्या काळात कुणीतरी पूर्ववत केलं होतं. कार्यवाहांनी पुन्हा फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता, अवघडलेपण होतं. “माझंच काहीतरी चुकत असेल,” असं ते म्हणाले. ते ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं. इंटरफेस गप्प राहिला की माणूस दोष स्वतःकडे घेतो.

त्याच आठवड्यात एडिटरच्या माथ्यावर पट्टी आली: “तुमच्या थीममध्ये या कार्डाची जुनी फाइल आहे. ती चालू असेपर्यंत इथले बदल पानावर दिसणार नाहीत.” खाली दोन बटणं. एक, दोन्ही कार्डं शेजारी-शेजारी दाखवणारं. दुसरं, नवं कार्ड लागू करणारं. फाइल आम्ही पुसत नाही, फक्त वापरणं थांबवतो, आणि परत जुन्यावर यायचं बटण तिथेच राहतं. परतीची वाट दिसत असली की लोक ते बटण दाबायला कचरत नाहीत, हे त्यानंतर दिसलं.

परिणाम

कार्यवाहांनी वक्त्याचा ब्लॉक स्वतः वर नेला. ओढायला जमेना म्हणून ब्लॉकवरच्या बाणाने नेला. दोन क्लिक लागले.

कार्डाचा क्रम, शब्द आणि आकडे यांबद्दलचे प्रश्न आता आमच्याकडे क्वचितच येतात. त्यांच्या जागी नवे प्रश्न आले: नाटकासाठी वेगळं आणि व्याख्यानासाठी वेगळं कार्ड करता येईल का, रद्द झालेला कार्यक्रम कसा दाखवायचा. हे प्रश्न संस्थेच्या कामातून आलेले आहेत आणि त्यांची उत्तरं शोधायला मला आवडतं.

सगळं साधलं असं मात्र नाही. तीन-चार संस्थांनी फाइलमध्ये आपल्या सभासद-नोंदणीचा कोड जोडलेला आहे. आराखड्यात त्याला जागा नाही, त्यामुळे त्या अजून जुन्याच फायलींवर आहेत. त्यांच्यासाठी आवृत्तीची सूचना आणि फंक्शनांची जुनी नावं आम्ही सांभाळून आहोत.

आज पुन्हा केलं तर

फायली मागवून डिफ काढण्याचं काम पहिल्या वर्षीच केलं असतं. माहिती आमच्या ग्राहकांच्या थीममध्ये पडून होती, आम्ही ती विचारली नाही इतकंच.

ब्लॉक थीम असलेल्यांसाठी आता आणखी सरळ वाट आहे. 2024 च्या नोव्हेंबरात आलेल्या वर्डप्रेस 6.7 मध्ये प्लगइनला स्वतःचं ब्लॉक टेम्प्लेट एका फंक्शनने नोंदवता येतं. ते साइट एडिटरमध्ये (अख्ख्या वेबसाइटची मांडणी बदलण्याच्या पडद्यावर) दिसतं, वापरणारा बदलतो, आणि नको वाटलं तर मूळ रूपावर परत येतो. तेव्हा ही सोय असती तर कार्यक्रमाच्या पूर्ण पानासाठी आम्ही वेगळी यंत्रणा लिहिली नसती. कार्डासाठी मात्र आराखड्याची नोंदच ठेवली असती, कारण तालुक्याच्या ग्रंथालयाची थीम उद्या बदलणार नाही.

चाचणीला माणसं निवडतानाही चूक झाली. पहिल्या फेरीत आम्ही ओळखीच्या वेबसाइट बनवणाऱ्यांना बोलावलं. त्यांना सगळं सोपं गेलं. ग्रंथपाल आणि कार्यवाह दुसऱ्या फेरीत आले, आणि पहिल्याच बैठकीत एका ग्रंथपाल बाईंनी विचारलं, “ब्लॉक म्हणजे काय?” तोपर्यंत पडद्यावर तो शब्द ठिकठिकाणी आला होता. आता आमच्या पडद्यावर “कार्डाचा भाग” असं लिहिलेलं असतं.